फोटोपुरता हात

२४.९८. २५.०१. २४.९९. २५.००. खरी मापं अशी जराजराशी हलत राहतात.

गुरुवारी एमआयडीसी बंद. त्यामुळे आमच्या भागात दात काढणं, मुलगी बघायला जाणं, गॅसचा नंबर लावणं, नवरा-बायकोचं भांडण, सगळं गुरुवारी.

माझ्या सासूबाई, यशोदाबाई, वांगं घेताना देठापाशी अंगठ्याने दाबून बघतात आणि परत ठेवतात. भाजीवाली ओरडते. त्या पुढचं वांगं दाबतात.

वाकडला एका बांधकामाच्या पत्र्यावर जुना फलक अजून टिकून आहे. त्यावर माझा नवरा, हातात माइक. उन्हाने त्याचे ओठ निळे पडलेत.

लिंबू चोळलं की कूलंटचा वास जातो, असं पुनम कंपनीच्या बसमध्ये म्हणाली. जात नाही.

“आठवड्यातून तीनदा, मॅडम.”

हे शेवटचं वाक्य निरंजनचं, माझ्या नवऱ्याचं. तीन महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी, वाकडच्या याच दवाखान्यात, तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून हे बोलला. डॉक्टरीण बाईंनी विचारलं होतं मला. चष्म्यावरून माझ्याकडेच बघत त्या म्हणाल्या होत्या, “संबंध नियमित आहेत ना? साधारण किती वेळा?” मी तोंड उघडलं, आणि त्या उघडलेल्या तोंडात निरंजनचा आवाज आला. प्रमुख पाहुण्यांचं नाव पुकारताना तो जो सूर लावतो, तोच सूर. डॉक्टर हसल्या, “वा! लग्नाला नऊ वर्षं झाली तरी!” तो लाजल्यासारखा हसला. मीही हसले. बाकी सगळं विसरता येईल, पण मी हसले हे माप कितीही वेळा घेतलं तरी तेवढंच येतं. कारण त्या दिवशी आमच्यात काही घडून तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते.

माझं कामच मापाचं. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. आमच्याकडे गाड्यांचे लोखंडी बुश बनतात, अंगठीच्या मोठ्या भावंडासारखे दिसणारे. मशीनवर धातू कापताना तो तापू नये म्हणून त्यावर दुधी पाणी सोडतात, तेच कूलंट. ते नखांत जातं, कातडीत जातं, डब्यातल्या पोळीला लागतं. एखादं माप पटलं नाही तर आम्ही पुन्हा घेतो. तीनदा घेतो. तर हे केव्हा सुरू झालं, त्याचं पहिलं माप असं: हिंजवडीच्या बाजूला एका गृहप्रकल्पाचं उद्घाटन होतं, निरंजन सूत्रसंचालन करत होता. तो तेच करतो, उद्घाटनं, वाढदिवस, कंपन्यांचे फॅमिली डे, सोसायट्यांचे गणपती. व्यासपीठावर बसलेल्या दौलतरावांना तो दोनदा दादाराव म्हणाला. मी पहिल्या रांगेतून खुणेने सांगितलं. त्याने तिथल्या तिथे विनोद करून सावरलं, लोक हसले, टाळ्या पडल्या. गाडीत बसल्यावर म्हणाला, “पुन्हा कधी मला लोकांसमोर शिकवू नकोस.” एवढंच. आवाज चढवला नाही. घरी येऊन उशी उचलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, दोन दिवस.

दुसरं माप. नाही, त्याच्याही आधी कधीतरी. एका गुरुवारी दुपारी मी न्हाऊन आले होते, केस ओले होते, घरात कुणी नव्हतं. तो पलंगावर पालथा पडून कानात इअरफोन घालून स्वतःचाच व्हिडिओ बघत होता, कालच्या कार्यक्रमाचा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने व्हिडिओ थांबवला नाही. मान न वळवता म्हणाला, “ऐक. राग मानू नकोस, पण तुझ्या हाताला वास येतो. कूलंटचा. माझा घसा धरतो त्याने. मला आवाज जपायला लागतो, तुला कल्पना नाही.” आणि मी काय केलं? मी त्याला सॉरी म्हटलं. न्हाणीघरात जाऊन हात घासले. डाळीच्या पिठाने, कॉफीने, भांड्यांच्या साबणाने, शेवटी घासणीने. बोटांच्या पेरांवरची साल निघाली तेव्हा थांबले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी पुनमपुढे हात धरला. “जरा बघ गं, वास येतो का?” तिने खरोखर नाक लावून बघितलं. “अगं येडे, आपल्या सगळ्यांनाच येतो! मी दारात आले की आमचे हे म्हणतात, आली बाई कंपनी घरात,” असं म्हणून ती खिडकीवर डोकं आपटेपर्यंत हसली. मीही हसले, पण मला तिचा इतका हेवा वाटला की खेड फाटा येईपर्यंत मी बाहेर बघत राहिले. आली बाई कंपनी घरात. कुणीतरी दारात येऊन असं म्हणतं. म्हणजे दारापर्यंत येतं.

तिसरं माप त्याच्याही मागचं. खरं म्हणजे सगळं नीट चाललं होतं, म्हणजे ज्याला लोक नीट म्हणतील, तेव्हाही तो माझ्याकडे बघत नसे. आमच्या कपाटाच्या दाराला पूर्ण उंचीचा आरसा आहे. त्याने स्वतः निवडलेला. तो माझ्या डोक्यावरून त्या आरशात बघायचा. केस मागे सारायचा. मी खाली आहे हे मधूनच आठवल्यासारखं माझ्या गालाला हात लावायचा. मला ते कळत होतं आणि मी ते प्रेमात मोजत होते. हात जिथे टेकला तिथे टेकला. ज्या बाईला एवढंच मिळालं, ती पुढे त्या एवढ्याशासाठी तीन वर्षं झुरते, यात लाज कुठली मोठी, मिळालं नाही याची की हवं वाटलं याची, ते मला अजून ठरवता येत नाही.

आणि एक गोष्ट आहे, ती मी पुनमलाही सांगितली नाही. निरंजन मला हात लावतो. फोटोत. कुणी मोबाइल वर धरला की त्याचा डावा हात माझ्या खांद्यावर येतो, मान माझ्याकडे कलते, “स्वरू, हास की,” म्हणतो. घरात मला नाव नाही, घरात फक्त ‘ऐक’ असतं. मोबाइल खाली गेला की हात निघतो. आमच्याकडे फीलर गेज असतं, पोलादी पात्यांचा जुडगा, पातळातलं पातळ पातं सिगारेटच्या कागदासारखं, दोन भागांमधली फट मोजायला. मी डोळे मिटून सांगू शकते की त्याचा तळवा माझ्या खांद्याला पूर्ण टेकत नाही, सगळ्यात पातळ पातं आरामात आत जाईल एवढी फट राहते. पण ऊब येते. त्या उबेसाठी मी त्याच्या कार्यक्रमांना जायला लागले. सुट्टी टाकून गेले. चांगल्या साड्या घेतल्या. लोक म्हणायचे, किती साथ देते बायको. गेल्या महिला दिनाला सोसायटीच्या हॉलमध्ये तो माइकवर म्हणाला, “आम्हाला मूल नाही. पण मी स्वरूपाला आजवर एका शब्दाने बोललो नाही. माझ्यासाठी तीच माझं सगळं.” पुढच्या दोन रांगांमधल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. मग व्यासपीठावर बोलावून आमचा फोटो काढला. फोटो काढणारी मुलगी मोबाइल खाली करणार एवढ्यात मी म्हणाले, “अजून एक घ्या ना.” तिला वाटलं, पहिल्यात माझे डोळे मिटले असतील. तिने घेतला. मी आणखी एक मागितला. निरंजनने ओठ न हलवता विचारलं, “किती?” त्याला कळलं होतं. त्याला सगळं कळलेलं होतं, आणि त्याला ते आवडलं होतं.

दवाखान्याचा विषय सासूबाईंनी काढला. त्या चाकणजवळच्या गावात राहतात, शेत आता थोडंच उरलंय, पण दर पंधरा दिवसांनी दूध आणि भाजी घेऊन येतात आणि चप्पल काढायच्या आधी विचारतात, “काय म्हनली डाक्टरीन?” माझी नळ्यांची तपासणी झाली, पोटात औषध सोडून करतात ती, मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली की नख तुटलं. नळ्या मोकळ्या निघाल्या. निरंजनचा रिपोर्टही चांगला आला. तो त्याने आईला वाचून दाखवला, मानपत्र वाचतात तसा. सासूबाई म्हणाल्या, “बघ. माझ्या लेकात काय बी न्हाई. देवमाणूस हाय. दुसरा आसता तर केव्हाच दुसरी आणली आसती. व्हय का न्हाई गं?” मी म्हटलं, “हो आई.” निरंजन मोबाइलमध्ये बघत होता. फक्त त्याच्या गालावर, कानाजवळ, हसू येऊन गेलं. नणंदेच्या डोहाळजेवणाला ओटी भरायचं ताट बायकांमधून फिरत माझ्यापर्यंत आलं, तर सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. वाईट बोलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “तू नगं. तू फोटो काढ.” मी फोटो काढले. सत्तावन्न. सगळे चांगले आले.

मला एकदा वाटलं होतं, सासूबाईंना सांगावं. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या, मी शेजारी बसले. पण सांगायचं काय? आई, तुमचा मुलगा माझ्याजवळ येत नाही. हे वाक्य बोलून झालं की त्यांच्या डोळ्यांत पुढचा प्रश्न येणार: का येत नाही? आणि त्याचं उत्तर माझ्या अंगावर शोधलं जाणार. माझ्या हातांत, केसांत, वासात. न सांगता मी वांझ ठरते, सांगून नकोशी ठरते. मी वांझ निवडलं. वांझ हा निदान दवाखान्याचा विषय आहे.

गोरक्षचं मध्येच आठवतं. मध्येच नाही, रोजच. आमच्याकडे मशीनवर काम करणाऱ्याने दर तासाला एक बुश मायक्रोमीटरने मोजून तक्त्यात आकडा लिहायचा असतो. गोरक्ष लातूरकडचा, ठेकेदाराचा माणूस, चार वर्षं त्याच मशीनवर. एका मंगळवारी अकरा ते दोन वीज नव्हती. संध्याकाळी मी त्याचा तक्ता बघितला तर अकरा, बारा, एक, सगळे आकडे भरलेले. सुंदर अक्षरात. मशीन बंद असताना बुश कुठून आले? मी वर कळवलं. त्याला बोलावलं. तो माझ्यासमोर उभा राहिला, टोपी काढून. “मॅडम, कोरं सोडलं की इचारतेत. भरलं की कुणी इचारत नाही. तुम्हीच इचारलात पहिल्यांदा.” मी म्हटलं, “गोरक्ष, न मोजता लिहिलेला आकडा म्हणजे खोटा भाग गाडीत बसवण्यासारखं आहे. उद्या कुणाचा जीव जाईल.” मला ते वाक्य आवडलं होतं. मी ते पुनमलाही ऐकवलं. दुसऱ्या दिवशी गोरक्षचा गेटपास घेतला. तेव्हा मी दवाखान्यात हसून आले त्याला तेरा दिवस झाले होते.

आज पुन्हा गुरुवार. मागच्या वेळी डॉक्टरांनी तीन महिन्यांचा छापील तक्ता दिला होता, ज्या दिवशी संबंध आला त्या चौकटीत खूण करायची. तो फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवला होता, कोरा. दूध काढताना रोज दिसायचा. सकाळी निघताना निरंजनने तो ओढून घेतला. कासारवाडीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने तो स्टिअरिंगवर ठेवला आणि खिशातून दोन पेनं काढली, एक निळं, एक काळं. “एकाच पेनाने केलं की बनावट वाटतं,” तो म्हणाला. खुणा करू लागला. मध्येच एक आठवडा मोकळा सोडला. “इथे आपलं भांडण झालं असं धरू.” त्याला मजा येत होती. मागून हॉर्न वाजायला लागले, त्याने काच खाली करून हात जोडले, मागचा माणूस त्याला ओळखून हसला की काय कोण जाणे, हॉर्न थांबला. मी तक्ता मांडीवर घेतला. सवयीने, दुसरं काही नाही, सवयीने मी तारखा बघत गेले. मागच्या महिन्याच्या चौदा आणि पंधरा तारखेला त्याने निळ्या पेनाने खूण केली होती. चौदा आणि पंधराला मी संभाजीनगरला होते. आमच्या एका पुरवठादाराचा कारखाना तपासायला गेले होते, हॉटेलात राहिले होते. त्याने मुद्दाम केलं असेल म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. नाही. तो शिट्टी वाजवत होता. दोन दिवस मी घरात नव्हते आणि त्याला ते माहीत नव्हतं. बॅग भरताना तो समोर होता. परत आले तेव्हा दार त्यानेच उघडलं होतं. इतकी वर्षं मला वाटायचं की तो मला शिक्षा करतोय. शिक्षा करायलाही माणूस समोर दिसावा लागतो. गाडी पुलावर चढली. माझं अंग कानापासून खाली गरम होत गेलं. राग असता तर बरं झालं असतं. ती लाजच होती, रिकाम्या घरात कुणाची तरी वाट बघत नटून बसल्याची.

“अरे वा,” डॉक्टर तक्त्यावर पेन फिरवत म्हणाल्या. “म्हणजे वेळेचा प्रश्न नाही. मग आता दुर्बिणीतून पोटात एकदा बघून घेऊ. भूल द्यावी लागेल, दोन छोटी छिद्रं. सोमवारी करू?”

“सोमवार उत्तम,” निरंजन म्हणाला. “रविवारी मारुंजीला माझा कार्यक्रम आहे.”

“अहो, ऑपरेशन तुमचं नाही!”

“धीर तर मलाच द्यायचाय ना, मॅडम.”

दोघं हसली. मी हसले का? नाही बहुतेक. दार किलकिलं करून बाहेरच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, प्लीज, आमच्या सिस्टरना तुमच्यासोबत एक फोटो हवाय.” तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, कारण दोघी बघत होत्या, आणि म्हणाला, “स्वरू, तोवर सही करून टाक.”

संमतीचा कागद मराठीत होता. खाली जाड अक्षरांत: मी दिलेली सर्व माहिती खरी आहे. मी पेनाचं टोपण काढलं. डॉक्टर पुढच्या पेशंटची फाइल उघडत होत्या. छताचा पंखा टिकटिकत होता. सोमवारी मला झोपवतील, पोटात हवा भरतील, दिवा लावून आत बघतील आणि आत काही सापडणार नाही. मग आणखी आत बघतील.

“मॅडम, चौदा तारखेला मी इथे नव्हते.”

“हं?” त्यांनी वर बघितलं नाही. “मग ती खूण काढा. एकदोन इकडे-तिकडे होतातच.”

“एकदोन नाही.”

“किती?”

मी तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. “सगळ्या.”

आता त्यांनी बघितलं. चष्मा काढला. त्यांचा चेहरा चष्म्याविना बराच म्हातारा होता. “कधीपासून?”

“तीन वर्षं. साडेतीन होत आली.”

“मग नळ्यांची तपासणी केली तेव्हा...”

“तेव्हाही.”

“अहो, बाई.” त्या थांबल्या. मला वाटलं, रागावतील. त्यांनी तो संमतीचा कागद माझ्या हाताखालून हळूच काढून घेतला, तान्ह्याखालून दुपटं काढावं तसा. “बोलला का नाहीत?”

“लाज वाटली.”

हा आवाज माझा होता, पण मी ज्या आवाजात गोरक्षशी बोलले होते तो नव्हता. बाहेर कुणीतरी हसत होतं. डॉक्टर म्हणाल्या, “हे बघा, तुम्हाला काय नको आहे ते तुमच्या तोंडून ऐकू दे मला. मी केसपेपरवर लिहिते.”

“दुर्बिणीची तपासणी नको.”

“आणि?”

“कुठलीच नको.”

त्या लिहीत असताना निरंजन आत आला, केस सारखे करत. “झाली सही?” त्याने आमच्या दोघींकडे बघितलं; टाळी यायला हवी तिथे आली नाही की तो सभागृहाकडे असंच बघतो, हसू तसंच ठेवून. “काय झालं? माझं काही ऐकायचं राहिलं का?”

“चौदा तारखेला मी संभाजीनगरला होते, निरंजन. चौदा आणि पंधरा.”

तो तक्त्यावर वाकला. खरोखर वाकून त्याने त्या चौकटी बघितल्या. मग माझ्याकडे बघून, डॉक्टरांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाला, “मग गाडीतच सांगायचं ना, वेडे. तेरा लिहिली असती.”

केसपेपरवर हेही कधी आलं नाही: लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मला दिवस गेले होते. त्या हिवाळ्यात निरंजनचे बावीस कार्यक्रम ठरलेले होते, म्हणून सातव्या आठवड्यात आम्ही चिंचवडच्या एका दवाखान्यात गर्भ पाडून मोकळे झालो. रिक्षाने गेलो, रिक्षाने परत आलो.